शिक्षकांची तब्येत: दोष भाजी-पावाचा की वेळापत्रकाचा?

वाळपईचा मास्तर
गेल्या आठवड्यात शाळेत साखर तपासली. आम्ही 11 जण, चौघांची वाढलेली; त्यांत मीही. चिठ्ठी वाचत होतो तेव्हा टेबलावर भाजी-पाव, मिरची भजी आणि पाकासारखा चहा. 2023मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी आरोग्य पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वात जास्त गोव्यात निघालं, 26.4 टक्के. आणि आपण पोरांना सकस आहारावर निबंध देतो! शाळा दीडला सुटते. दोनला घरी, शीत-कडी (भात-आमटी), मग चारपर्यंत ताणून झोप. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 मिनिटं हालचाल सांगते, म्हणजे रोजची 22 मिनिटं. तीही आपल्याला जड. दोष आपलाच.

डिचोलीची टीचर
सर, दुपारची झोप तुमची असेल. आमच्या घरी दोनला दुसरी शाळा भरते: सासूबाईंचं पथ्य, लेकाचा अभ्यास, मधूनच मतदार यादीचं काम घेऊन दारोदार.

आणि तुम्ही खाण्यावर लिहिलंत, पिण्यावर नाही. मी एकशिक्षकी शाळेत 6 वर्षं काढली. चार इयत्ता, एक खोली. पहिलीतली पोरं एकटी सोडून पाच मिनिटं जायचं कसं? म्हणून सकाळचा चहा अर्धाच घ्यायचे. पाण्याची बाटली भरून न्यायची आणि भरलेलीच परत आणायची, एप्रिलच्या उकाड्यातसुद्धा. दोन वर्षांत तीनदा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी प्या. तेवढ्यात वर्ग कोण बघणार, ते काही बोलले नाहीत.

फोंड्याचा पालक
माफ करा, पण रडगाणं वाटतं. मी वेर्ण्याला कारखान्यात पाळीवर असतो. आठ तास उभा. लघवीला जायचं तर सुपरवायझरला विचारून. चतुर्थीची सुट्टी मिळाली तर नशीब. तुम्हाला मे महिना तरी मोकळा मिळतो.

डिचोलीची टीचर
मग तुमचीही अडचण खरीच आहे. तुम्ही सोसता म्हणून मी गप्प बसायचं, हा कुठला न्याय?

निवृत्त मास्तर, पेडणे
दोघांचंही अर्धंच पटलं. माझं दुखणं घशाचं. 30 वर्षं पावसाशी स्पर्धा केली. जूनमध्ये पत्र्यावर सरी कोसळायला लागल्या की मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवायला ओरडायचो. शेवटी आवाज बसला तो बसलाच. डॉक्टरांनी नळी घालून स्वरतंतूंवरच्या गाठी दाखवल्या. त्यानंतर पाऊस आला की फळ्यावर लिहून द्यायला लागलो. पत्रा सरकारचा, ओरडणं माझं. हे पंधरा वर्षं आधी सुचलं असतं तर आज नातवाला धड गोष्ट सांगता आली असती.

वाळपईचा मास्तर
टीचर, पाण्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी उठलो की शेजारच्या वर्गातली बाई दारात उभी राहून दोन्हीकडे बघते. ते गृहीतच धरलं होतं. पण भाजी-पावावर माझं मत तेच. उद्यापासून पाव बंद, पोदेराकडून, म्हणजे आपल्या पाववाल्याकडून, कोंड्याची पोळीसारखी पोकळ पोयी घेणार.

डिचोलीची टीचर
घ्या की. फक्त ती त्याच पाकात बुडवून खाऊ नका.