'व्हल्नरेबिलिटी'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न : कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या छोट्या फाउंड्रीमालकांसाठी (फाउंड्री म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना) एका प्रशिक्षणाचा मजकूर मराठीत करतोय. मालकाने 'व्हल्नरेबल' व्हावं, म्हणजे आपली चूक, आपली कच्ची बाजू न झाकता दाखवावी, मग कामगारांचा 'ट्रस्ट बिल्ड' होतो, असा त्याचा गाभा. कोशात 'भेद्यता', 'असुरक्षितता' मिळालं. पण 'मालकाने असुरक्षितता दाखवावी' असं लिहिलं तर लोक आधी हेल्मेट शोधतील.

उत्तर १ : मूळ लॅटिन 'व्हल्नस' म्हणजे जखम, त्यामुळे 'भेद्यता' अर्थाने चुकीचं नाही. पण भेद्य तटबंदी असते, माणूस नव्हे. मला 'वर्म' जवळचा वाटतो. गंमत बघा, संस्कृतात 'वर्मन्' म्हणजे चिलखत आणि मराठीत वर्म म्हणजे नेमकी दुखरी जागा! अडचण एवढीच की आपल्याकडे वर्मावर बोट दुसरा ठेवतो. स्वतःहून वर्म दाखवायची रीत भाषेत दिसत नाही.

उत्तर २ : नाम शोधूच नका, क्रियापद घ्या. मी उद्यमनगरात मशीनशॉपला आहे. आमच्या ओळखीच्या एका फाउंड्रीत ब्लोहोलमुळं, म्हणजे ओतलेल्या मालात वायूची भोकं पडल्यामुळं, अख्खा लॉट परत आला. सगळे मोल्डिंगवाल्याकडं, म्हणजे वाळूचे साचे करणाऱ्याकडं, बघायला लागले. सकाळच्या शिफ्टला मालक भट्टीपाशी येऊन म्हणाले, "वाळूत ओल जास्त हुती. तपासत बसू नका, गाडी थांबलीया, असं मीच म्हटलो हुतो. चूक माझी." कुणीच काही बोलेना. मग तो मोल्डिंगवालाच म्हणाला, "मालक, मूठ दाबली तवाच मला ओल कळली हुती. तुमास्नी सांगायचं धाडस झालं न्हाई." आमच्यात याला 'मालकानं अंगावर घेतलं' म्हणतात.

उत्तर १ : प्रसंग झकास. पण 'अंगावर घेणं' म्हणजे दुसऱ्याची चूकही आपल्या माथी घेणं, त्यात थोडी मर्दुमकी आली. इथं मालकाने स्वतःचीच चूक सांगितली. ही 'कबुली' झाली. मात्र कबुली म्हटलं की पोलीस ठाणं आठवतं, हेही खरं.

उत्तर ३ : 'ट्रस्ट बिल्ड'कडं कुणी बघितलंच नाही. 'विश्वास निर्माण करणे' हे मला परिपत्रकी वाटतं. मराठीत विश्वास बसतो आणि उडतो, पाखरासारखा. आपण तो फक्त ठेवायचा किंवा टाकायचा. आणि 'विश्वासात घेणे' हा प्रयोग तर आयता आहे : मालकाने कामगारांना विश्वासात घेतलं, म्हणजे एरवी झाकून ठेवली असती ती गोष्ट सांगितली. वरच्या प्रसंगात तेच झालं की! तुमचे दोन्ही इंग्रजी शब्द त्यात बसतात. 'पत' मात्र इथं वापरू नका, ती बँकेत आणि गुळाच्या पेठेत.

प्रश्नकर्ता : 'विश्वासात घेणे' पक्कं. मग प्रकरणाचं नाव 'मालकाने मोकळं बोलावं' चालेल?

उत्तर २ : 'बोलावं' नको, 'सांगावं' करा. बोलून मोकळे तर सगळेच मालक हुतात.