मांजरांची मस्ती की दादागिरी, हे कसे ओळखावे?

प्रश्न (गुहागर)
आमच्याकडे सहा वर्षांची मनी आणि दीड वर्षाचा, नसबंदी झालेला बोका आहे. पावसामुळे दोघांचेही परसात जाणे बंद झाल्यापासून दिवसातून तीन-चार वेळा बोका पडवीपासून माजघरापर्यंत तिच्या मागे धावतो, तिला खाली पाडतो आणि तिची मान धरतो. रक्त कधीच आलेले नाही. मनी मात्र हल्ली पोटमाळ्यावरच असते, आणि दोनदा तिने भाताच्या कणगीमागे लघवी केली. घरातले म्हणतात, खेळतात ती, लक्ष देऊ नका. आपले मत काय?

उत्तर (मालवण)
खेळात पाळी बदलते, म्हणजे आत्ता खाली असलेले मांजर थोड्या वेळाने वर असते, मध्येच दोघे थांबून अंग चाटतात, नखे आत असतात आणि आवाज जवळजवळ नसतो. कान मागे चिकटलेले, शेपूट फुललेली, गुरगुर, फिस्कारणे आणि जमिनीवर केसांचे पुंजके दिसले, तर ते भांडण समजावे. आमच्या दोघी मांजरी, सख्ख्या बहिणी, ओटीवर अशी कुस्ती करत की शेजारी चौकशीला येत. नंतर त्या एकाच टोपलीत झोपत.

उत्तर (दापोली)
मला धावपळीपेक्षा कणगीमागची लघवी अधिक चिंतेची वाटते. मांजरांची दादागिरी पुष्कळदा बिनआवाजी असते: बोका उंबऱ्यावर आडवा पसरून टक लावून पाहतो, आपल्याला तो लोळतो आहे असे वाटते, आणि पलीकडच्या वाळूच्या टबाची वाट तेवढ्यात अडलेली असते. दोन मांजरांना तीन टब ठेवावेत आणि तेही वेगवेगळ्या ठिकाणी, कारण एका रांगेतले तीन टब अडवणाऱ्याच्या दृष्टीने एकच. जेवणाच्या ताटल्याही एकमेकांना दिसणार नाहीत अशा ठेवाव्यात. जुंपलीच तर मध्ये हात न घालता पुठ्ठा सरकवावा. बोक्याला मारू नये, त्याने तो अधिकच बिथरतो. या सगळ्याआधी मनीला पशुवैद्यकांना दाखवा, कारण मूत्राशयाला दाह असला तरी मांजर असेच करते. (बोका जोर करूनही लघवी करू शकत नसेल, तर मात्र एक दिवसही थांबू नये; त्यात जीव जाऊ शकतो.)

प्रश्नकर्ती (गुहागर)
टब एकच आहे, न्हाणीघराशेजारच्या बोळात. आज सकाळी मी माजघरात सुकट निवडत बसले होते आणि बोका बोळाच्या तोंडाशी पाय दुमडून बसला होता. मनी खाली उतरून कणगीपर्यंत आली, त्याच्याकडे पाहून तिने मान वळवली, आणि सुकटीकडे ढुंकूनही न बघता ती पुन्हा शिडी चढली. बोक्याने शेपटीचे टोक तेवढे हलवले. आपण सांगितले नसते, तर मी हे पाहूनही पाहिले नसते. दुसरा टब पोटमाळ्यावर ठेवला आहे, तिसरा पडवीच्या कोपऱ्यात ठेवते आहे, आणि उद्या मनीला दवाखान्यात नेणार आहे.