जड पाण्यासाठी कोणता सोलर वॉटर हीटर घ्यावा? मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार. निपाणीजवळच्या आमच्या घरी आजही न्हाणीघरातला तांब्याचा बंब लाकडांवर पेटतो. परंतु सत्तरी ओलांडलेल्या आईला रोज पहाटे धुरात बसावे लागते, हे आता मला पाहवत नाही, म्हणून दिवाळीपूर्वी सोलर बसवण्याचे ठरवले आहे. सहा माणसांना २०० लिटरची टाकी पुरेल, असे वाटते.

खरी अडचण बोअरच्या जड पाण्याची आहे. पाणी तापवायच्या पातेल्याच्या तळाशी महिन्याभरात पांढरा थर बसतो आणि तो नखाने खरवडूनही निघत नाही. फ्लॅट प्लेट प्रकारातील तांब्याच्या बारीक नळ्या अशा क्षारांनी चोंदतात, तर काचेच्या नळ्यांच्या दुसऱ्या प्रकारात साका काढणे तुलनेने सोपे असते. मात्र आमच्याकडे माकडांचा उपद्रव असल्यामुळे काच टिकेल का, याची मला धास्ती वाटते. हीट एक्स्चेंजर (बोअरचे पाणी सोलरच्या नळ्यांत न सोडता, नळ्यांत फिरणाऱ्या वेगळ्या पाण्याच्या उष्णतेने ते तापवणारी सोय) बसवलेल्या कोणाचा अनुभव असल्यास तो जरूर सांगावा, कारण त्याचा वाढीव खर्च सोसण्याची माझी तयारी आहे.

पंपाशिवाय पाणी उताराने यायचे असेल, तर गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंचावर हवी. आमची टाकी मात्र स्लॅबवरच टेकलेली आहे. तिच्यासाठी लोखंडी स्टँड करावा की विटांचा चौथरा बांधावा?

जून ते सप्टेंबर आभाळ भरलेले असते. त्या दिवसांसाठी टाकीत विजेची कॉइल बसवून घ्यावी, की जुना बंबच ठेवावा, हेही कृपया कळवावे.