मदत हवी आहे: फेसबुक-इन्स्टा सोडतोय, पण माणसं गाठायची कशी?

नमस्कार मंडळी,

राहायला भांडुप, नोकरी फोर्टात. जाता-येता गाडीत अंगठा चालू. शाळेतल्या मित्राला मुलगी झाली, मी फोटोवर बदाम टाकला, त्याने माझ्या कमेंटवर बदाम टाकला, विषय संपला. पोरगी आता चालायला लागली, पण मी तिला अजून पाहिलेलं नाही. आणि हा गृहस्थ राहतो मुलुंडला, दोन स्टेशनं पुढे!

म्हणून दोन्ही अकाउंट सध्या डीअ‍ॅक्टिव्हेट केलीत. (व्हॉट्सअ‍ॅप सुटणार नाही, सोसायटीत पाणी कधी जाणार ते तिथेच कळतं.) खरी अडचण आता सुरू झालीय. काम नसताना फोन केला की समोरचा दचकतो. परवा एकाला सहज लावला तर, "काय रे, काका बरे आहेत ना?" बरे आहेत म्हटलं, मग पुढे काय बोलावं ते दोघांनाही सुचेना. भेटायचं म्हटलं तर एक बोरिवलीला, एक पनवेलला. सगळे "नक्की, ठरवूया" म्हणतात आणि ठरत कधीच नाही.

अकाउंट कायमचं उडवू का? जुन्या फोटोंचं काय? आणि मुंबईत नियमित भेटीगाठी कोणी जमवल्यात का? "एखादा छंद जोपासा" हा सल्ला कृपया नको.

प्रतिसाद १
आधी सेटिंगमधून सगळा डेटा डाउनलोड करा, मगच डिलीट. फेसबुकवर ३० दिवसांत लॉगिन करून विचार बदलता येतो. सर्व्हरवरून पूर्ण पुसायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. नुसतं डीअ‍ॅक्टिव्हेट केलंत तर मेसेंजर चालूच राहतो. आणि वाढदिवस वहीत उतरवून घ्या, नाहीतर बायकोचा सोडून एकही आठवणार नाही.

प्रतिसाद २
ठरवत बसू नका, ठरलेलंच ठेवा. आमचा दर महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी ८, शिवाजी पार्कचा कट्टा. दादर मध्य आणि पश्चिम रेल्वेवाल्या दोघांनाही सोयीचं. रविवारचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी लोकल बंद-उशिरा) साधारण अकराच्या सुमारास लागतो, तोवर चहा-गप्पा आटोपतात. येणार का म्हणून कोणी कोणाला विचारत नाही. कधी सहा जण, कधी दोघंच. पावसात जवळच्या हॉटेलात.

धागाकर्ता
हे जमण्यासारखं आहे. पनवेलकर कुर्ल्याला गाडी बदलावी लागते म्हणून कुरकुरणार, पण बघतो विचारून. फोनच करतो.