व्यवसायाचे नियोजन, अपयश आणि ख्रिस्ती विश्वास : आपले अनुभव

मंडळीत आपण ऐकतो त्या साक्षी बहुधा काम फळाला आल्यानंतरच्या असतात. प्रार्थना करून आणि नीट आखणी करून सुरू केलेला व्यवसाय ज्यांना बंद करावा लागला, ते सहसा उभे राहून बोलत नाहीत, आणि त्यामुळे नव्याने धंद्यात उतरणाऱ्या विश्वासणाऱ्यांना अर्धीच हकीकत कळते. शिष्यत्वाची किंमत समजावताना प्रभू येशू बुरूज बांधणाऱ्याचा दाखला देतो आणि आधी बसून खर्चाचा अंदाज घेणार नाही असा कोण आहे, असे विचारतो (लूक १४:२८). दुसरीकडे, अमुक शहरी जाऊ, वर्षभर व्यापार करू आणि नफा मिळवू, असे ठामपणे म्हणणाऱ्यांना याकोब खडसावतो (याकोब ४:१३-१५). ही दोन्ही वचने पाळताना आपण प्रत्यक्षात काय केले आणि पैशाचे व माणसांचे पुढे काय झाले, हे कृपया सविस्तर लिहावे.

तयार कपड्यांचा कारखाना चालवलेल्या एक भगिनी

आम्ही पती-पत्नीने सुरुवातीला जी योजना लिहिली, तिच्या पहिल्या पानावर विक्रीचे उद्दिष्ट नव्हते. कारखाना बंद करण्याची वेळ आलीच तर कोणाचे पैसे कोणत्या क्रमाने द्यायचे, याची यादी होती. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, ही आज्ञा (लेवीय १९:१३) मला लहानपणापासून पाठ होती, आणि अडवून ठेवलेली मजुरी ओरड करते, हे याकोबाचे शब्द (५:४) दुसऱ्यांना पगार देण्याची जबाबदारी आल्यावर अधिकच बोचू लागले. त्यामुळे कारागिरांच्या काही महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम वेगळ्या खात्यात जमवायची आणि कितीही नड आली तरी कापडाच्या खरेदीसाठी तिला हात लावायचा नाही, असे आम्ही ठरवले. योसेफाने सुकाळाच्या वर्षांत उत्पन्नाचा पाचवा हिस्सा साठवण्याचा सल्ला दिला होता (उत्पत्ती ४१:३४). तेवढे बाजूला काढणे आम्हाला शक्य नव्हते, कारण शिलाईच्या कामात नफ्याचे प्रमाणच तेवढे नसते. परंतु वसूल झालेल्या प्रत्येक बिलातून ठरलेला भाग त्या खात्यात जात राहिला.

आमचे बहुतेक काम एकाच मोठ्या खरेदीदाराकडून येत असे. आपला वाटा सात-आठ ठिकाणी विभागावा (उपदेशक ११:२), हे आम्ही जाणून होतो आणि लहान ग्राहक शोधतही होतो. मात्र दोन्ही प्रकारच्या कामांना लागणारी यंत्रे वेगळी आणि भांडवल एकापुरतेच. त्या खरेदीदाराने काम दुसरीकडे वळवले, तेव्हा आम्ही प्रार्थना गटात नव्या मागणीसाठी विनंती केली आणि त्याच आठवड्यात ती यादीही बाहेर काढली. यादी काढणे म्हणजे अविश्वास, असे एका वडीलधाऱ्या बंधूंनी प्रेमाने सुचवले. मला तसे तेव्हा वाटले नाही आणि आजही वाटत नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या २७ व्या अध्यायात, वादळात सापडलेल्या जहाजावरील एकाही जिवाचा नाश होणार नाही हे अभिवचन पौलाला आधीच मिळालेले आहे; तरीही खलाशी पाण्याची खोली मोजतात, नांगर टाकतात, गहू समुद्रात फेकून जहाज हलके करतात. शेवटी सर्व २७६ माणसे वाचतात, जहाज मात्र फुटते.

नवी मागणी आली नाही. कारागिरांचे पगार आणि त्यांची कायदेशीर देणी त्या खात्यातून पूर्ण झाली, यंत्रे विकून पुरवठादारांचे पैसे फेडले, आणि आमचे स्वतःचे भांडवल गेले. काही कारागिरांना दुसरीकडे काम मिळवून देता आले, सर्वांना नाही, आणि त्यांच्यासाठी आम्ही अजूनही नाव घेऊन प्रार्थना करतो.

छपाई व्यवसायातील एक बंधू

माझा अनुभव भागीदारीचा आहे. आम्ही दोघे एकाच मंडळीतले असल्यामुळे लेखी करार म्हणजे एकमेकांवर संशय, असे घरच्यांचे मत होते. माझ्या पत्नीने तेव्हा यिर्मयाचा ३२ वा अध्याय आमच्यासमोर ठेवला. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला असताना यिर्मया देवाच्या सांगण्यावरून शेत विकत घेतो. व्यवहार देवाने सांगितलेला असूनही तो १७ शेकेल रुपे तोलून देतो, साक्षीदार बसवतो आणि खरेदीखताची मोहरबंद व उघडी अशा दोन्ही प्रती मातीच्या पात्रात जपून ठेवायला लावतो. त्यानंतर आमचा करार झाला आणि वेगळे होण्याची अटही त्यात आली.

पुढे मोठे यंत्र घेण्यावरून मतभेद झाले. प्रभूने मला हे दाखवले आहे, असे भागीदार म्हणत, आणि त्या वाक्यानंतर आकड्यांची चर्चा थांबत असे. देव मार्ग दाखवतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे. परंतु आरंभीच्या मंडळीच्या यरुशलेमेतील सभेनेसुद्धा बराच वादविवाद होऊ दिला आणि मगच पवित्र आत्म्याला व आम्हाला हे योग्य वाटले, असे लिहिले (प्रेषितांची कृत्ये १५). त्याच अध्यायात पौल आणि बर्णबा मार्काला बरोबर न्यायचे की नाही यावरून वेगळे होतात, हेही मला त्या काळात धीर देणारे ठरले. आम्ही करारातील अटीप्रमाणे हिशेब करून वेगळे झालो आणि आजही एकाच उपासनेला बसतो.

हिशेबनीस म्हणून काम करणारे एक वाचक

वरील दोन्ही अनुभवांत कागद आधी तयार होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते. दानाबद्दल थोडे लिहितो, कारण तिथे सद्भावनेने मोठे नुकसान होताना मी पाहिले आहे. काही विश्वासणारे एकूण विक्रीवर दशांश काढतात. विक्रीच्या रकमेत पुरवठादाराचे, कर्ज देणाऱ्याचे आणि कराचे पैसे मिसळलेले असतात. ते अद्याप आपले झालेले नसतात. ज्याचा नफा विक्रीच्या दहा टक्क्यांहून कमी आहे, तो असा दशांश देऊ लागला, तर तो भांडवलातून किंवा दुसऱ्याच्या उधारीतून देत असतो. उसने घेऊन परत न करणे हे स्तोत्र ३७:२१ मध्ये दुर्जनाचे लक्षण सांगितले आहे, तेव्हा देणी थकलेली असताना दिलेले दान नेमके कोणाचे, हा प्रश्न प्रत्येकाने प्रार्थनेत स्वतःला विचारावा.

मंडळीने सभासदांच्या व्यवहारात किती लक्ष घालावे, याचे क्वेकर या ख्रिस्ती पंथातील लोकांचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे. घासाघीस टाळून सर्वांना एकच भाव सांगण्याबद्दल त्यांचे दुकानदार ओळखले जात, आणि सभासदांच्या आर्थिक सचोटीवर त्यांच्या सभा देखरेख ठेवत. मात्र दिवाळे निघालेल्याला सभासदत्वातून काढलेही जाई. तुरुंगसुधारणेसाठी प्रसिद्ध असलेल्या एलिझाबेथ फ्राय यांचे पती जोसेफ फ्राय यांची बँक १८२८ मध्ये बुडाली, तेव्हा जोसेफ यांच्यावर हीच वेळ आली. ज्यांचे पैसे बुडतात त्यांच्या बाजूने पाहिले तर ही कठोरता समजते, आणि आधीची देखरेख मला आजही हवीशी वाटते. पण माणूस कोसळल्यानंतर त्याला दूर करणे मला शुभवर्तमानाशी जुळणारे वाटत नाही.

दुकान बंद केलेले एक बंधू

हिशेबनीस बंधूंच्या शेवटच्या वाक्याला जोडून लिहितो. माझ्या दुकानासमोरचा रस्ता दीर्घकाळ कामासाठी बंद राहिला आणि ग्राहक तुटले. त्यापेक्षा जड गेला तो प्रश्न, जो मंडळीतील काहींनी विचारला: जीवनात काही पाप तर राहिले नाही ना? ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले होते, आणि त्यांनी केलेले सर्वांत चांगले काम तेवढेच होते, असे मला तेव्हापासून वाटते. हबक्कूकाच्या शेवटच्या अध्यायात अंजिराला फूल नाही, वाड्यात मेंढरू नाही, तरीही मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन, असे म्हटले आहे. मला तो उल्लास बरेच महिने लाभला नाही. झोप गेली होती, आणि पाळकसाहेबांनी स्वतः आग्रह करून मला डॉक्टरांकडे नेले. मंडळीतील दोघे जण संध्याकाळी येऊन माझ्या वह्या घेऊन बसत, येणी लिहून काढत आणि वसुलीसाठी माझ्याबरोबर येत. माझ्यासाठी ती सर्वांत मोठी प्रार्थना होती.

नव्याने व्यवसाय करणाऱ्या एक भगिनी

सर्वांचे अनुभव वाचले. मला एकच विचारायचे आहे. चिकाटी धरणे हाही विश्वासाचाच भाग आहे. मग थांबण्याची वेळ आली, हे कसे ओळखावे?

हिशेबनीस वाचकांचे उत्तर

ताई, व्यवसाय उभा राहील की नाही, हे मी कोणालाही सांगू शकत नाही. ज्या दिवशी पुढच्या महिन्याचे पगार केवळ नव्या पुरवठादाराच्या उधारीवर निघणार असतील आणि ती उधारी कशातून फेडायची हे त्याला खरेपणाने सांगता येणार नसेल, त्या दिवशी नवा माल मागवणे थांबवावे, असे मी माझ्या अशिलांना सांगतो. ही मर्यादा आजच, धंदा चांगला चाललेला असताना, लिहून ठेवा आणि आपल्या हितासाठी आपल्याला विरोध करू शकेल अशा एका व्यक्तीकडे तिची प्रत द्या.