पोरीला फिल्म-मीडियाची डिग्री करायची आहे. फी भरू का?

महालचा बाप
मुलगी बारावी कॉमर्स, ७४ टक्के. बी.कॉम. नको म्हणते. नागपुरातल्याच एका खासगी कॉलेजात फिल्म आणि मीडियाची तीन वर्षांची डिग्री आहे, ती हवी. फी वर्षाला ९० हजार. माझं मत आधीच सांगतो : एवढ्या पैशात बरा कॅमेरा आणि लॅपटॉप येतो, बाकीचं यूट्यूब शिकवतं. यावर तिचं उत्तर, "घरात पेटी वीस वर्षांपासून आहे, तुम्हाला गाणं का नाही आलं बाबा?" मी गप्प.

लॉन ते लॉन
नव्वद हजार! बाप्पा! भाऊ, अकरा सीझन झाले मले लग्नं शूट करून राहिलो. डिग्रीवाले दोन पोट्टे आले होते मायाकडे. एकानं कार्ड कॉपी न करताच फॉरमॅट मारलं. हळद गेली पूर्ण. नवरीच्या मायले काय सांगू, फेस्टिव्हलले पाठवली? वरमाला तीन सेकंदात होते, तिथं रीटेक नसते. एक सीझन गिंबल, म्हणजे कॅमेरा हलू न देणारा दांडा, धरलं का हात बसते, अन् पैसे उलट तिलेच भेटतात.

रिकामी रीळ
हात बसतो, मान्य. पण भाऊ, तुमच्या व्हिडिओत आवाज कुठे असतो? मिक्सिंगला सगळा काढून वर गाणं चढवता.

मी असाच कोर्स केला आहे. आमच्या सरांनी पहिले पंधरा दिवस कॅमेरा दाखवलाही नाही. रेकॉर्डर दिला आणि सीताबर्डीला पाठवलं : पाच मिनिटं आवाज आणा, डोळे मिटून जागा ओळखता आली पाहिजे. आम्ही आणलेलं ऐकून वर्गाला ते बसस्टँड वाटलं. सर म्हणाले, पुन्हा जा. तीनदा गेलो. पुढे मे महिन्यात एका मित्राच्या घरी शूट होतं. कूलरची घरघर संवादात येते म्हणून तो बंद. प्रत्येक सीननंतर त्याच उकाड्यात सगळ्यांनी पुतळ्यासारखं उभं राहायचं आणि खोलीची नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड करायची. ती खाली लावली नाही, तर एडिटमध्ये दोन वाक्यांच्या मध्ये भोकं पडतात. वाचून हे मला पटलं नसतं. घाम गाळून पटलं.

आता दुसरी बाजू. दुसऱ्या वर्षी सर सोडून गेले. कॅमेरे कपाटात आणि किल्ली रजेवर. राहिलेली दोन वर्षं मी जनसंपर्काच्या व्याख्या पाठ केल्या.

लॉन ते लॉन
म्हणजे फी सरले द्यायची होती, कॉलेजले नाही.

रिकामी रीळ
हो. हे मात्र तुमचं खरं.

वडसा रिटर्न
'कोर्ट' सिनेमातले नारायण कांबळे आठवा. ते काम करणारे वीरा साथीदार आपल्या नागपूरचे, चळवळीतले. कोणत्या अभिनयशाळेत गेले होते? दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेही इंग्रजी साहित्य शिकलेला. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, रात्रभर नाटक उभं राहतं, तिथे सर्टिफिकेट कोण मागतं?

धरमपेठची मावशी
साथीदारांच्या मागे चळवळीतली कित्येक वर्षं होती. अठराव्या वर्षाची पोरगी ती कुठून आणणार? राजकुमार हिरानीही नागपूरचेच. इथे कॉमर्स केलं, मग पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म संस्थेत एडिटिंग. दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा २००३ साली, तोवर जाहिराती आणि एडिटिंग. आणि तिथल्या दिग्दर्शन, एडिटिंगसारख्या मोठ्या कोर्सला पदवी लागते, पण कोणत्याही विषयाची चालते.

महालचा बाप
म्हणजे आधी बी.कॉम.! हेच तर म्हणत होतो.

धरमपेठची मावशी
घाई नका करू. हिरानी त्या वर्षांत नाटकंही करत होते. तुमची मुलगी बी.कॉम.सोबत काय करणार ते आधी ठरवा. नुसतं बी.कॉम. करून तिथे गेली तर प्रवेश परीक्षेत काय सांगणार, जीएसटी?

रिकामी रीळ
काका, एक काम करा. कॉलेजात जाऊन स्टुडिओ बघू नका, तो सगळेच दाखवतात. कॅमेरे कोणी कधी नेले त्याचं रजिस्टर मागा. शिवाय मागच्या बॅचच्या दोन फिल्म बघा, तेही डोळे मिटून.

महालचा बाप
आज जाऊन आलो. एसी स्टुडिओ, हिरवा पडदा, खुर्च्यांवर अजून प्लॅस्टिक. रजिस्टर मागितलं तर मॅडम म्हणाल्या, "असं कोणी मागत नाही." मिळालं शेवटी. शेवटची नोंद फेब्रुवारीतली, वार्षिक संमेलनाच्या शूटिंगची. फिल्म दोन दाखवल्या. एकीत पूर्णवेळ गाणंच होतं. दुसरीत एक आजी भाकरी थापते, आणि खरं सांगतो, डोळे मिटून भाकरी दिसली. ती करणारी मुलगी तिथेच भेटली. म्हणाली, रेकॉर्डर तिनं स्वतः भाड्यानं आणला होता.

आता घरी येऊन दोघंही गोंधळलोय. फॉर्मची शेवटची तारीख मंगळवार.

लॉन ते लॉन
मंगळवार लांब आहे. रविवारी कोराडी रोडच्या लॉनवर लग्न आहे, पोरीले सकाळी सातले पाठवा. या वेळी आवाज ठेवतो म्हटलं, तोच रेकॉर्ड करू द्या तिले. तुम्हीही या सोबत, लाइट धराले माणूस कमी आहे. बूट घालून या, केबलमध्ये चप्पल अटकते.