मदत हवी आहे: गोल नाकाचा मर्सिडीझ ट्रक १/२४ मध्ये, किटची वाट पाहू की स्वतःच बांधू?

मंडळी, प्रश्न आधी सांगतो, रडगाणं नंतर.

मर्सिडीझचा आखूड बॉनेटचा जुना ट्रक, म्हणजे १९५९ साली आलेल्या मालिकेतला एल १११३, मला १/२४ मापात, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या हिश्श्याएवढं मॉडेल म्हणून करायचा आहे. प्लास्टिकचं किट (सुटे भाग जोडून मॉडेल बांधायचा संच) शोधून दमलो, माझ्या हाती लागलेलं नाही. १/८७ मध्ये या मालिकेतली तयार मॉडेलं मिळतात, पण बोटाएवढ्या ट्रकवर माझं समाधान होत नाही आणि डोळेही आता तेवढे साथ देत नाहीत.

हाच का? बॉनेट आखूड, त्यामुळे इंजिन निम्मं केबिनमध्ये घुसलेलं. मडगार्ड फुगलेले आणि दिवे त्यांच्यातच बसवलेले. समोरून बघितलं की गाल फुगवून रुसलेलं पोर दिसतं. कितीतरी देशांत या गाड्यांनी वर्षानुवर्षं माल ओढला.

आता रडगाणं. टायगर रणगाड्याच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या अशा तिन्ही आवृत्त्यांची वेगवेगळी किटं निघतात. मिनीआर्ट या किट कंपनीने १/३५ मध्ये लांझ बुलडॉग ट्रॅक्टर काढला, ट्राम काढली, याचा आनंदच आहे. पण तीही मुख्यतः युद्धाच्या देखाव्यात उभी करायला. म्हणजे रणगाड्याशेजारी उभं राहायची तयारी असेल तर साध्या गाडीला किट मिळतं!

माझ्याकडे अर्धवट सोडलेलं एक १/२४ चं आधुनिक युरोपियन ट्रॅक्टर-युनिटचं (ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या ट्रकचं) किट पडून आहे. त्याचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर) मोजला तर १५४ मिमी भरला. मला ४२०० मिमीची गाडी करायची आहे, म्हणजे १७५ हवा. चॅसिस वाढवून वापरता येईल का? त्याचे टायर चालतील का? आणि केबिनचं काय करू? अनुभवी लोकांनी मार्गदर्शन करावं. शिल्पकाराचा हात मला नाही, हे आधीच कबूल करतो.

प्रतिसाद १

+१. मलाही हाच हवाय. उत्तर नाही, फक्त रांगेत उभा आहे.

प्रतिसाद २

चॅसिस वाढवता येईल, पण कापून नुसती टोकाला टोक चिकटवू नका, पहिल्याच धक्क्याला कंबर मोडेल. चॅसिसच्या पन्हाळीसारख्या तुळयांच्या आतून दोन्ही बाजूंना निदान १५-१५ मिमी जाईल अशी पट्टी घाला आणि जोड माल वाहणाऱ्या हौद्याखाली येईल असा कापा. दोन्ही तुळया सपाट काचेवर ठेवून गुण्या (काटकोन मापायची पट्टी) लावूनच चिकटवा. तुमच्या किटमध्ये मागे हवेचं सस्पेन्शन असेल तर ते काढावं लागेल, या ट्रकला पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत. ०.५ मिमी स्टायरीन प्लास्टिकच्या पट्ट्या एकावर एक रचा, त्या मापात पाट्याची जाडी बरोबर दिसते.

खरी गोम टायरमध्ये आहे. बाहेरचा व्यास तुम्हाला फसवेल. जुन्या ९.००-२० टायरचा व्यास सुमारे १०१८ मिमी, म्हणजे १/२४ मध्ये ४२.४. आजचा २९५/८०-२२.५ टायर १०४३ च्या आसपास, म्हणजे ४३.५. फरक मिमीभराचा, त्यामुळे वाटतं की चालून जाईल. पण रिम जुन्याची २० इंची, म्हणजे २१.२ मिमी, आणि नव्याची २३.८. नव्या टायरची भिंत बुटकी, अंग रुंद. गोल नाकाच्या ट्रकला ते चाक लावलं की आजोबांना नातवाचे बूट घातल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा एक टायर आणि एक रिम नीट बनवा, सिलिकॉन रबरचा साचा घ्या आणि रेझिनमध्ये (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या द्रव प्लास्टिकमध्ये) ओता. मागे जोडचाकं आहेत, स्टेपनी धरून सात लागतील.

प्रतिसाद ३

केबिन थ्रीडी प्रिंट करा, दुसरा शहाणपणाचा मार्ग नाही. १/३५ ची फाइल मिळाली तर १४६ टक्के वाढवा, बहुतेक वेळा निभतं. १/८७ ची मात्र वाढवू नका. ती ३६२.५ टक्के करावी लागते, आणि तिथली अर्ध्या मिमीची भिंत १.८ मिमी होते. खऱ्या ट्रकच्या हिशोबात ४३ मिमी जाड पत्रा! दाराच्या कडा बघून कुणीही ओळखेल.

रेझिन प्रिंटरवर केबिन तिरकी ठेवा. सपाट ठेवलीत तर बॉनेटच्या गोलाईवर जिन्यासारख्या पायऱ्या उठतात, आणि त्या घासताना गोलाईच निघून जाते. ओलं रेझिन हाताला लागू देऊ नका, हातमोजे घालाच.

प्रतिसाद ४

फाइल कुठलीही घ्या, आधी ती तपासा. सुंदर दिसणारे आराखडे अनेकदा चुकीचे असतात. माझी पद्धत अशी: खऱ्या गाडीचा बाजूने, लांबून, झूम करून काढलेला फोटो शोधायचा. पुढचं आणि मागचं चाक त्यात सारखं दिसत नसेल तर फोटो बाद, कॅमेरा तिरका होता. सारखं असेल तर दोन्ही चाकांच्या मध्यांत १७५ मिमी अंतर येईल असा छापायचा. मोजपट्टी म्हणून व्हीलबेसच धरा, टायर नको. टायर झिजतो, ओझ्याखाली दबतो, आणि मालकाने भलत्याच मापाचा बसवलेला असू शकतो. आराखड्यात व्हीलबेस टायरच्या व्यासाच्या चौपटीहून किंचित जास्त भरतोय का, एवढं बघितलं तरी निम्मे आराखडे गळतात.

किट येण्याची वाट बघू नका असं माझं मत. पोलादी साचा महाग असतो, तो वसूल व्हायला हजारो खोकी खपावी लागतात. अपवाद होतात म्हणा. रेव्हेलने ट्राबांट काढली, एब्रोने सित्रोएनची एच व्हॅन काढली, हासेगावाने यानमारचा ट्रॅक्टर. पण त्या आशेवर बसलात तर तुमचं अर्धवट किट अर्धवटच राहील.

अवांतर: मला कचरागाडी हवी आहे, मागून गिळणारी. हसू नका.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. कालच रिम मोजली, २३.८ च निघाली. मिमीभराचा फरक म्हणून तेच टायर लावून मोकळा होणार होतो, वाचवलंत. आता टायरपासूनच सुरुवात करतो, केबिन प्रिंट करून घेईन. फोटोही चाळले, अकरापैकी तीनच टिकले.

एक प्रश्न उरला. समोरची काच किंचित वळलेली आहे. पातळ अ‍ॅसिटेट (पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा) चौकटीत नुसतं वाकवून चिकटवलं तर काही दिवसांनी सुटतं, असा जुना अनुभव आहे. गरम करून आधीच वळवून घ्यावं का? धुरकट होऊ न देता ते कसं करायचं? कचरागाडीवाले, तुम्ही काचा कशा करता?